एकशे ऐंशी ब्रास

वर्धा
५ फेब्रुवारी २०२५

ती. गणपतभाऊ,
सा. न.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही विचाराल. समृद्धीच्या पहिल्या सोयरिकीची सगळी चौकशी आपण फोनवरच केली होती. ज्याला विचारलं तो म्हणाला, मुलगा छान आहे. साखरपुड्याच्या आठवडाभर आधी कळलं की ज्या पदवीवर आपण भाळलो, ती त्याला मिळालेलीच नव्हती. नंतर एकेकाला धरलं, तर प्रत्येक जण म्हणे, "मी कुठं तसं म्हणालो?" कागदावर लिहिताना माणूस जरा थांबतो. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानंच द्या, आणि लागेल असं अक्षर काढा.

स्थळ तुमच्या जबलपूरचंच आहे. अजिंक्य काळमेघ. घर चेरीतालला. वडील चिंतामणराव काळमेघ कारखान्यातून निवृत्त झालेत, मूळचे आर्वीकडचे. मुलगा सिव्हिल इंजिनिअर, एका बिल्डरच्या साइटवर असतो. पत्रिका जुळते, फोटो बरा आहे. समृद्धीला विचारलं, तर "आई, तू म्हणशील तसं." बस, एवढंच. ही मुलगी एकेकाळी भाजीवाल्याशी वाद घालून घरी यायची. आता दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते आणि घरी आली की स्वतः आखडून बसते.

भाऊ, हे पुन्हा एकदा झालं तर ती लग्नाचा विषयच काढू द्यायची नाही. आणि खरं सांगते, माझ्यातही तेवढा जीव उरला नाही.

मुलगा हुशार आहे का, देखणा आहे का, हे मला नको. खोटं बोलतो का, तेवढं कळवा.

तुमची
प्रतिमा

*

जबलपूर
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रतिमा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देऊन पोस्टमन जागचा हलेना. त्याला वाटलं नोटीसच असणार, नाही तर ढोकेजींना कोण कशाला लिहिते! "सब ठीक है न?" म्हणे. म्हटलं, बहिणीचं पत्र आहे, म्हणजे ठीक नाहीच.

आधी मी तुझ्यासारखीच चौकशी केली. बड़ा फुहाऱ्यावरचा कापडवाला, चेरीतालचा दूधवाला, आपल्या मराठी मंडळातली दोन-चार मंडळी. सगळ्यांचं एकच पालुपद: "लड़का बहुत सीधा है, भैया." अगं, आमच्याकडे रस्त्यात बसून राहणाऱ्या गायीलाही सीधी म्हणतात. त्याचा काय उपयोग?

मग मी माझ्या पद्धतीनं डोकं चालवलं. सातवी पास होऊन जबलपूरला आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या ट्रॉलीवर फावडं मारत होतो, हे तुला ठाऊक आहे. शिकलेला माणूस ओळखायचा कसा, हे मला कोणत्या मास्तरानं शिकवलं नाही. मी ते कानानं शिकलो. टायरच्या आवाजावरून गाडी पूर्ण भरली का पाऊण, हे आजही डोळे मिटून सांगतो. माणसाचंही तसंच आहे. तो काय बोलतो ते सोडून द्यायचं. बोलायच्या आधी किती थांबतो, ते ऐकायचं.

रिछाईत माझ्या सिमेंट पाइपच्या शेडमागं एक खोलगट प्लॉट आहे. शंभर फूट लांब, साठ फूट रुंद. पावसाळ्यात तिथं म्हशी डुंबतात आणि मी शेडमधून बघत बसतो. यंदा तो भरून घ्यायचाच आहे. म्हटलं, याच खड्ड्यात होणाऱ्या जावयाला उतरवू. एका ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडला, की ढोके नावाचे एक शेठ आहेत, त्यांना किती माती लागेल तेवढं सांगून जा. तुझं नाव नाही, समृद्धीचं नाव नाही. मी कोण, याचा त्याला पत्ता नाही.

रविवारी आला. उंच, सावळा, बुटांना साइटचा चिखल. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला. मी लगेच आमिष टाकलं. "बघा इंजिनिअरसाहेब, माझ्या नजरेत हा खड्डा सरासरी तीन फूट आहे. म्हणजे एकशे ऐंशी ब्रास मुरूम. शंभर घनफुटांचा एक ब्रास. बरोबर ना?" इथं ब्रास कोणी बोलत नाही, सगळे हाइवा डंपरच्या खेपा मोजतात. पण मी वर्धेचं माप सोडलेलं नाही.

खोटा माणूस अशा वेळी झटक्यात म्हणतो, "एकदम बरोबर, शेठ!" म्हणायला त्याचं काय जातं? हा थांबला. चांगलाच थांबला. मग म्हणाला, "काका, चुन्याची फक्की मिळेल काय?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी साइट सुटली की येते, आणि माझ्या प्लॉटवर दहा-दहा फुटांच्या चौकटी आखून राहिला. उत्तर अजून नाही.

तुझा
गणपत

*

वर्धा
२० फेब्रुवारी २०२५

ती. गणपतभाऊ,

सातवीतल्या मुलालाही येईल असं गणित आहे. शंभर गुणिले साठ, सहा हजार. त्याला तिनानं गुणा, अठरा हजार घनफूट. शंभरानं भागा, एकशे ऐंशी ब्रास. तुमचं बरोबर आहे. माझ्या वर्गात कोणी यासाठी एवढे दिवस लावले असते, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मला हे लक्षण बरं दिसत नाही. आधीचासुद्धा असाच होता. सारखा लॅपटॉप उघडून बसायचा. किती कामात असतो बिचारा, असं आपल्याला वाटायचं. काम करणं वेगळं आणि करताना दिसणं वेगळं. तुम्ही त्याच्या थांबण्याला भुलू नका.

समृद्धी काल जेवताना सहज विचारत होती, "मामांचं काही आलं का?" मी म्हटलं, मामा खड्डा मोजताहेत. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, पोरीला वाईट वाटलं.

उत्तर आलं की ताबडतोब कळवा.

प्रतिमा

*

जबलपूर
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रतिमा,
आशीर्वाद.

उत्तर आलं. नकार कळवून टाक.

आता सविस्तर ऐक, म्हणजे माझा संताप समजेल. काल संध्याकाळी तो आला. डंपरवाला शैलेंद्र भैया खेपांचं बोलायला बसला होता, माझी शेडमधली चार माणसंही होती. याच्या हातात पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांना दोन माणसं उभी करून यानं एकेका चौकटीची खोली मोजली होती. कागदाची घडी उघडली आणि म्हणाला, "काका, एकशे ऐंशी ब्रास."

मी शैलेंद्रकडे पाहिलं. शैलेंद्रनं मांडीवर थाप मारली. "वाह ढोकेजी! इंजीनियर की नली और आपकी नज़र, एक बराबर!"

मलाही बरं वाटलं, खोटं काहून बोलू? म्हटलं, "म्हणजे माझं बरोबर निघालं."

हा थांबला. मग म्हणतो, "नाही काका. आकडा बरोबर आहे. तुमचं गणित चूक आहे."

चार माणसांसमोर!

म्हटलं, "उत्तर तेच, मग चूक कशी?" तर जमिनीवर काडीनं काढून दाखवायला लागला. म्हणे, हा खड्डा पेटीसारखा नाही, परातीसारखा आहे. फाटकाजवळ अर्धा फूट, मागच्या कोपऱ्यात पाच फूट. सरासरी तीन नाही, दोन फूट आणि जवळपास पाच इंच. म्हणजे खड्ड्यात मावते एकशे चव्वेचाळीस ब्रास. पण गाडीतून येते तो मुरूम भुसभुशीत. पाणी मारून रोलर फिरवला की बसतो, म्हणून चौथा हिस्सा जास्त आणावा लागतो. एकशे चव्वेचाळीसावर छत्तीस चढले की झाले एकशे ऐंशी. "तुम्ही खोली जास्त धरली आणि मातीचं बसणं विसरले. दोन चुका एकमेकींना मिळून गेल्या, काका. दर वेळी मिळणार नाहीत."

शैलेंद्र खाली मान घालून हसून राहिला होता. मी न बघताही ऐकलं.

म्हटलं, "बेटा, तीस वर्षं या मातीत आहे मी." तर म्हणाला, "म्हणून तर सांगून राहिलो. दुसऱ्याला नसतं सांगितलं एवढं."

प्रतिमा, खोटं बोलत नाही, हे मान्य. पण असा तोंडाळ माणूस घरात घेऊन काय करायचं? एक 'हो' म्हणायचं होतं, तेवढं याला झेपलं नाही. मी शैलेंद्रला सांगून टाकलं, माझ्या हिशोबानं भर. सगळीकडे सारखा, तीन-तीन फूट. कोणाच्या नळीची गरज नाही.

गणपत

*

वर्धा
५ मार्च २०२५

ती. गणपतभाऊ,

रागावू नका, पण पत्र वाचून मी एकटीच खूप हसले. मग वही घेऊन बसले आणि दोन्ही गणितं मांडून पाहिली. भाऊ, मुलाचं बरोबर आहे. तुमचं चुकलं आहे. आणि माझंही चुकलं, कारण तुम्ही दिलेली खोली मी न तपासता घेतली.

अख्खी नोकरी मी मुलांना एकच सांगत आले, की नुसत्या उत्तराला एक गुण, बाकीचे पायऱ्यांना. पायऱ्या चुकून उत्तर बरोबर आलं तर मी त्यावर लाल फुली मारत असे, आणि पालक भांडायला येत. आज माझ्याच भावावर फुली मारायची वेळ आली.

त्यानं तुम्हाला चारचौघांत सांगायला नको होतं, हे खरं. पण विचारलंत चारचौघांतच ना? मला तर या पत्रानं कितीतरी दिवसांनी जरा मोकळं वाटलं. नकार कळवत नाही. काळमेघांना वर्धेला बोलवावं असं मनात आहे. तुमचा राग शांत झाला की सांगा.

खड्ड्याचं काय झालं?

प्रतिमा

*

जबलपूर
१८ मार्च २०२५

प्रिय प्रतिमा,

खड्ड्याचं काय झालं, ते सांगतो. पण त्याच्या पोटात दुसरी गोष्ट आहे आणि ती चांगली नाही. तेव्हा हसून झालं की नीट बस.

होळीच्या आधी भराव सुरू केला. माझा हुकूम, सगळीकडे सारखा. फाटकाजवळ खड्डा अर्ध्याच फुटाचा, आणि तिथं तीन फुटी थर. काय होणार? टेकडी झाली. माझं फाटक आत उघडते. शेवटची हाइवा आत शिरली, तोंड पुढं करून मागचा माल फाटकाजवळ ओतला, आणि त्याच टेकडीमागं अडकून बसली. फाटकाचं पान मुरुमात रुतलं, हलेना. आत मी, ड्रायव्हर आणि रिकामी गाडी. आणि मागच्या कोपऱ्यात अजून दोन फूट खड्डा तसाच! शैलेंद्र भिंतीवरून डोकावून म्हणतो, "ढोकेजी, टिफिन ऊपर से फेंक दूँ?"

त्यानंच अजिंक्यला फोन केला असावा. पोरगा आला, दोन फावडी आणि चार माणसं घेऊन. भिंतीवरून उडी मारली आणि स्वतः फावडं हातात घेतलं. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. मी त्याची वाट पाहत होतो. म्हणाला असता तर रागवायला सोपं गेलं असतं. फाटकाजवळचा मुरूम ओढून मागच्या कोपऱ्यात नेला आणि पाणी मारून रोलर फिरवला. परवा सगळं सपाट झालं. एकशे ऐंशी ब्रास, मुठीएवढंही कमी-जास्त नाही. मी मनात म्हटलं, प्रतिमा बरोबर होती, या पोराला हो म्हणू.

आणि मग त्याचा फोन वाजला. तो प्लॉटच्या पार टोकाला, मी शेडच्या दाराशी, मध्ये मिक्सर चालू. पण माझे कान तुला माहीत आहेत. आईशी बोलत होता. म्हणाला, "येतो गं अर्ध्या तासात. समृद्धीच्या मामांकडे आहे."

समृद्धीच्या मामांकडे!

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून, कोणास ठाऊक. बहुतेक पहिल्या दिवसापासून. मग ती फक्की, ती नळी, रोज संध्याकाळी येणं, ती उडी, हे सगळं मुलीच्या मामासमोरचं नाटकच ना? मी त्याची परीक्षा घेऊन राहिलो होतो आणि त्याच्या हातात पेपर आधीच आला होता. मी त्याला काही विचारलं नाही. चहा पाजला आणि जाऊ दिलं.

मला वाईट वाटून राहिलं, कारण पोरगा आवडायला लागला होता. पण तू विचारलं होतं, खोटं बोलतो का? बोलला नाही. लपवलं मात्र. आता तू ठरव.

गणपत

*

वर्धा
२४ मार्च २०२५

प्रिय गणपतमामा,
नमस्कार.

आईच्या नकळत लिहिते आहे. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. आई ती पोळ्यांच्या डब्यामागं ठेवते आणि पोळ्या मीच करते.

तुमचं शेवटचं पत्र आईनं दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं काळमेघांना नकाराचं पत्र लिहिलं. म्हणाली, पाडव्याच्या आत हे ओझं उतरू दे. आणि पोस्टात टाकायला माझ्याजवळच दिलं. ते माझ्या पर्समध्ये आहे. रोज ती विचारते, टाकलंस का, आणि रोज मी सांगते, पेटी बंद होती.

मामा, त्याला मीच सांगितलं होतं. बायोडेटावर नंबर होता. पहिल्यांदा जे झालं त्यानंतर मला दुसऱ्यांच्या चौकशीवर विश्वास नव्हता. मी मेसेज केला: 'बायोडेटात नाही अशी एक गोष्ट सांगा.' अर्ध्या तासानं उत्तर आलं: 'बारावीत गणितात नापास झालो होतो. तुमच्या आई गणिताच्या शिक्षिका आहेत, हे वाचून तेव्हापासून घाबरून आहे.' मला हसू आलं. मग आम्ही बोलायला लागलो.

ढोके नावाच्या शेठनी माती मोजायला बोलावलं आहे, असं तो म्हणाला, तेव्हाच मी तुमचा बेत ओळखला आणि तुम्ही कोण ते त्याला सांगितलं. वर बजावलं, "मामांना नाही ऐकायची सवय नाही. ते जो आकडा म्हणतील त्याला मान डोलवा आणि मोकळे व्हा. आईचं सगळं मामांवर आहे." तो म्हणाला, "मोजून बघतो." मोजल्यावर फोन आला, "अगं, आकडा तोच येऊन राहिला!" मी म्हटलं, सुटलो, आता बरोबर म्हणून टाका. तर म्हणाला, "पण ते बरोबर नाही ना." आम्ही खूप भांडलो, मामा. मी आठवडाभर फोन उचलला नाही. मला वाटलं, या माणसाला मी नको आहे, याला फक्त मुरूम हवा आहे.

माझं नाव सांगू नका, असं मीच त्याला म्हटलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "स्वतःहून नाही सांगणार. पण मामांनी विचारलं तर लपवणार नाही." तुम्ही विचारलंच नाही.

हे आईला मी सांगितलं तर ती म्हणेल, तू त्याच्या बाजूची. तुम्ही सांगा. पेटी फार दिवस बंद ठेवता येणार नाही.

तुमची
समृद्धी

*

जबलपूर
२८ मार्च २०२५

प्रिय प्रतिमा,

हे पत्र स्पीड पोस्टानं धाडतो आहे. तुझं काळमेघांना लिहिलेलं पत्र गेलेलं नाही. कसं, ते विचारू नको. पोरीवर चिडू नको. आधी हे पूर्ण वाच.

काल मी चेरीतालला गेलो. चिंतामणराव ओट्यावर पेपर वाचत होते, राम राम झाला. अजिंक्यला बाहेर घेतलं आणि सरळ विचारलं, "मी समृद्धीचा मामा आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

या वेळी तो थांबला नाही. "पहिल्या दिवसापासून, मामा."

"कोणी सांगितलं?"

"तिनं."

"मग माझं बरोबर आहे म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं? आकडा तर तोच होता!"

तर म्हणतो, "मामा, तुम्ही कोणी बी असले, तरी खड्डा तर तेवढाच आहे ना."

मी घरी आलो आणि तुझ्या वहिनीला म्हटलं, चहा ठेव, मी मूर्ख आहे. ती म्हणाली, चहा ठेवते.

आता बघ प्रतिमा. मी तुला लिहिलं होतं की पेपर आधी फुटला, म्हणून परीक्षा खोटी. उलटं आहे बाप्पा, साफ उलटं. नाटक करणारा माणूस बघणाऱ्याला आवडेल तेच करतो. त्याचा तो धंदाच आहे. याला बघणारा कोण ते माहीत होतं. त्याला काय आवडते, तेही माहीत होतं, कारण तुझ्या लेकीनं 'मान डोलवा' म्हणून पढवून ठेवलं होतं. आणि नशिबानं आकडाही माझाच निघाला. म्हणजे खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती! नुसतं गप्प बसायचं होतं. मुलगी हातात होती, मामा खूश होता, शैलेंद्र टाळ्या वाजवत होता. अशा वेळी चारचौघांत 'तुमचं गणित चूक आहे' म्हणणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मी त्या जागी असतो तर दोनदा मान डोलावली असती.

त्याला माहीत नसतं, तर मला एवढंच कळलं असतं, की अनोळखी शेठशी तो खरं बोलतो. आता कळलं, की स्वतःचं नुकसान होत असतानाही बोलतो. यापेक्षा पक्की चौकशी मी करू शकत नाही. कोणीच करू शकत नाही.

आणि एक ऐक. तुला वाटून राहिलं की पोरगी मान खाली घालून 'तू म्हणशील तसं' म्हणते. ती पोरगी एका माणसाशी आठवडाभर कडकडून भांडली आहे. भाजीवाल्याशी भांडायची, तशीच. ती कुठंही गेलेली नाही, प्रतिमा. तुझ्या घरातच आहे.

काळमेघांना बोलवून घे.

गणपत

*

वर्धा
२१ एप्रिल २०२५

ती. गणपतभाऊ,
सा. न.

मंडळी काल येऊन गेली. तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं, पण वहिनींच्या गुडघ्याचं समजू शकते.

समृद्धीवर मी दोन दिवस चिडले आणि तिसऱ्या दिवशी थकले. तिनं ते पत्र पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवलं. घडीवर लिपस्टिक लागली होती. मी फाडून टाकलं.

मुलाला मी बारावीचं विचारलं. विचारणारच होते. म्हणाला, "पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा छत्तीस." मी म्हटलं, "छत्तीस मिळवायलाही काही तरी यावं लागतं." तर म्हणाला, "तेच आलं होतं, बाकी काही नाही." चिंतामणराव कपाळाला हात लावून बसले. त्याच्या आईनं मला हळूच विचारलं, "ताई, हे तुम्हाला चालेल ना?" म्हणजे भाऊ, त्यांच्याकडेही काळजीच होती. इतके दिवस मी समजत होते की काळजी फक्त मुलीच्या घरी असते.

जेवायला वांग्याची भाजी केली होती. तुम्हाला माहीत आहे, माझ्या वांग्याच्या भाजीला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. मी आग्रह करत फिरत होते आणि सवयीनं विचारून बसले, "कशी झाली भाजी?"

तो थांबला. आणि भाऊ, तुमचं पत्र वाचलेली मी, मला कळलं की आता काही तरी येणार.

"मीठ कमी आहे, आई."

त्याची आई ओरडली, "अजिंक्य!" चिंतामणरावांचा घास हातातच राहिला. आणि समृद्धी हसायला लागली. तोंडावर पदर धरून नाही, काही नाही. वाढायचा चमचा हातातून पडला इतकी. "सांगितलं होतं ना मी तुम्हाला, आज तरी गप्प राहा म्हणून!" हे सगळ्यांसमोर, त्याला. तो म्हणतो, "आईंनी विचारलं ना पण." आणि दोघांची जुंपली.

मी चव घेऊन पाहिली. खरंच कमी होतं. गडबडीत मी अर्धंच घातलं असणार. मीठ आणायला आत गेले आणि बरणी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. बाहेर ती त्याच्याशी वाद घालत होती. मी ऐकत राहिले. घाई नव्हती. मग डोळे पुसले आणि मीठ घेऊन बाहेर आले.

साखरपुडा अक्षय तृतीयेला, इथंच वर्धेला. वहिनींना गाडीत पाय लांब करता येतील असं तिकीट काढा. आणि सगळ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, की जेवण कसं झालं, हे जावयाला कोणीही विचारायचं नाही.

तुमची
प्रतिमा